सरळ केलेलं तोंड

कानाखालची गाठ काढताना डॉक्टरांना एक नस कापावी लागली आणि ताईच्या चेहऱ्याची डावी बाजू कायमची खाली ओघळली. थोडे दिवस तिने आरशाशी भांडण केलं, मग चष्म्याच्या दुकानात पुन्हा कामाला जाऊ लागली. गिऱ्हाइकं नजर चुकवायची. ती मात्र डोळ्यांत डोळे घालून त्यांना फ्रेम बसवून द्यायची.

आईच्या पंच्याहत्तरीला धाकट्या भावाने फोटोग्राफर बोलावला. त्याने ताईला टोकाला उभं केलं आणि म्हणाला, "मॅडम, मान जरा डावीकडे घ्या." ताईने घेतली नाही.

फोटो मोठा होऊन, चौकटीत बसून आला. त्यात ताईचं तोंड सरळ होतं. दोन्ही डोळे सारखे, ओठांवर भलत्याच बाईचं हसू.

"काय सफाईने केलंय बघ," भाऊ खुशीत म्हणाला. "कळतसुद्धा नाही."

"ही कोण आहे?"

"अगं, आधी अशीच तर दिसायचीस," आई म्हणाली. ते ताईला फार लागलं.

कपाटात तिचा जुना रोलचा कॅमेरा होता. डावा डोळा मिटेनासा झाल्यापासून तिने त्याला हात लावला नव्हता. आता काढून उजव्या डोळ्याला लावला, तर लक्षात आलं की याची बघायची खिडकी कोपऱ्यात आहे. डावा डोळा उघडा राहिला तरी काही बिघडत नाही. आपण उगाच हातपाय गाळून बसलो, याचा तिला स्वतःचाच राग आला.

रविवारी तिने कृष्णधवल रोल भरला आणि सगळ्यांना खिडकीसमोर बसवलं.

"मोबाइलवर काढू ना," भाऊ कुरकुरला. "लगेच दिसेल."

"लगेच दिसलं की लगेच दुरुस्त करता तुम्ही."

कॅमेरा तिवईवर होता. कॅमेऱ्याच्या खिडकीत एकाच आईच्या दोन पुसट आकृत्या दिसत होत्या. ताईने फोकसची रिंग फिरवत त्यांची एक केली. थोड्या वेळाने आपोआप फोटो निघावा म्हणून असलेला खटका ओढला, कॅमेरा कर्र करू लागला, तशी ती येऊन मधोमध बसली. मान सरळ.

रोल तिने न्हाणीघरात स्वतःच धुतला, फोटोही स्वतःच छापला. त्यात भावाचं पोट होतं, वहिनीच्या कपाळावरची आठी होती आणि ताईचा ओघळलेला ओठ होता.

"माझ्या मानेला एवढ्या सुरकुत्या आहेत?" आईने विचारलं.

"आहेत."

आईने फोटो डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाली, "तू मात्र तूच आहेस."

ताईने दिवाणखान्यात लावलेला तो सरळ तोंडाचा फोटो उतरवून तिथे हा चौकटीत बसवून लावला.

"पाहुणे काय म्हणतील?" वहिनी म्हणाली.

"मला विचारायला सांग."

संध्याकाळी भावाने तो काढून आत ठेवला. ताईने परत लावला. त्याने पुन्हा काढला. तेव्हा तिने शेजारच्या सुताराकडून ड्रिल आणलं आणि सगळ्यांच्या देखत चौकटीचे चारही कोपरे भिंतीत स्क्रूने आवळून टाकले.