पक्षाचा रकाना

"आजोबा, तुम्ही अजून लिबरल आहात का?"

मैत्रिणींनी पैजच लावली होती, म्हणून मार्नीने रविवारी जेवताना विचारून टाकलं. उद्या तिला मतदार नोंदणीचा अर्ज द्यायचा होता. पेनसिल्व्हेनियात अर्जावर पक्ष लिहिला नाही, तर मे महिन्यात पक्षाचा उमेदवार निवडायला मत देता येत नाही.

बाबा फिस्कारले, "लिबरल म्हणजे आपल्या करावर मजा मारणारे!"

"ग्लेन, तुझ्या वडिलांचं पेन्शन लिबरलांमुळेच आहे," आई म्हणाली.

"आणि माझ्या मैत्रिणींच्या मते लिबरल म्हणजे बुळचट," मार्नी खिदळली.

आजोबा मात्र ताटातली पिरोगी, बटाटा भरलेली उकडलेली करंजी, चिवडत राहिले. चाळीस वर्षं पोलाद कारखान्यात घालवलेला माणूस.

"आमच्या वेळी तो शब्द म्हणजे युनियन होती, पोरी. मग ती शिवी झाली, तेव्हा भांडलो. आता रोज नवा अर्थ. दमलो गं. गेल्या वेळी मतदानालाही गेलो नाही."

मार्नीचं हसू मावळलं. अर्जाची घडी घालून तिने तो खिशात टाकला.

"आई, बाबा, मी पक्षाच्या रकान्यात 'कोणताच नाही' लिहिणार. मे महिन्यात मत नाही तर नाही. पण नोव्हेंबरात मुख्य निवडणुकीला पक्ष लागत नाही, तेव्हा आजोबांना मतदानाला मीच गाडीने नेणार. आमच्या गाडीत तो शब्द नको, तुम्ही दोघं दुसऱ्या गाडीने या."