रफूमावशींचा पांढरा धागा

"ही धुवायची नाही, रफूही करायची नाही. सरळ बॉयलरमध्ये टाकून द्या," असं म्हणत सुपरवायझरसाहेबांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाही रफूमावशींच्या मशीनवर ठेवली. ठेवून ते लगेच गेले नाहीत, दारातच थांबले.

मावशींनी कागद उलगडला. मनगटापासून दंडापर्यंत येणारी, जाड पिवळ्या धाग्याने विणलेली बाही. रक्त वाळून पुठ्ठ्यासारखी कडक झालेली.

"डावऱ्याची आहे ही."

"त्याची असेल. पण अपघाताच्या वेळी हातात नव्हती. उकडतं म्हणून काढून ठेवतात हे लोक. तसा रिपोर्ट गेलाय."

"हातात नव्हती, तर मग एवढं रक्त कसं?"

"मावशी, तुम्ही तुमचं काम करा ना."

ते गेले. मावशींनी बाही पुन्हा हातात घेतली.

एकोणीस वर्षं त्या या काचकारखान्याच्या मागच्या खोलीत बसत होत्या. काचा कापणाऱ्या आणि उचलणाऱ्या माणसांच्या बाह्या दर आठवड्याला पोत्यातून त्यांच्याकडे येत. मावशी त्या धूत, उजेडात धरून तपासत आणि चिरा सांधत. माणसांचे चेहरे त्यांच्या फारसे ओळखीचे नव्हते, पण बाह्या पाठ होत्या. काच छातीशी धरून उचलणारा कोण, दुपारनंतर दमून सगळा भार मनगटावर घेणारा कोण, हे त्यांना न बघता कळायचं. एका जोडीत नेहमी उजवीपेक्षा डावी बाही जास्त चिरलेली असायची. त्या माणसाला डावरा हे नाव मावशींनीच दिलं आणि पुढे सगळा कारखाना त्याला त्याच नावाने हाक मारू लागला.

बाह्यांचा तो पिवळा धागा काचेला सहजासहजी दाद देत नसे. रफूलाही तोच लागायचा. आठ महिन्यांपूर्वी त्याचं शेवटचं रीळ संपलं. मावशींनी साहेबांना तीनदा सांगितलं. "मागवलाय हो. तोवर साध्या पांढऱ्याने मारून द्या," साहेब म्हणाले. मावशींनी मारून दिलं. आठ महिने मारून दिलं.

गेल्या बुधवारी उचलता उचलता एक मोठी काच मधोमध तडकली आणि वरचा तुकडा डावऱ्याच्या हातावरून घसरत खाली आला. आता मावशींनी बाही उलटी केली. कोपराखाली वीतभर लांब फाटली होती, बरोबर पांढऱ्या टाक्यांवरून. आजूबाजूची पिवळी वीण जशीच्या तशी होती.

बाही त्यांनी पिशवीत घातली आणि घरी आणली.

त्यांचा नवरा आयुष्यभर भट्टीवर राबलेला. त्याच्या काळात बाह्या नव्हत्या. दोन्ही हात भाजून भाजून कोपरापर्यंत गुळगुळीत झाले होते. "आमची कातडीच बाही. फाटली की आपोआप रफू व्हायची," हा त्याचा ठरलेला विनोद. टेबलावरची बाही मात्र त्याने नुसती बोटाने दाबून पाहिली. मग म्हणाला, "टाकून दे. तू बोलून त्याचा हात जोडला जाणार आहे का?"

"अहो, टाके माझे आहेत."

"आणि धागा कोणाचा?"

मावशींनी बाही पुन्हा पिशवीत घातली. त्याने रेडिओ लावला, पुन्हा बंद केला.

"जाशीलच तू चौकशीला, मला माहितीये. सावकाश बोल. घाईत बोललीस की तुझं तुलाच समजत नाही."

चौकशीला तीन माणसं बसली होती. मधला बाहेरून आलेला अधिकारी, सभ्य, हळू आवाजात बोलणारा. मावशींनी बाही त्याच्यासमोर ठेवली आणि सावकाश सगळं सांगितलं. बाही डावऱ्याच्या हातातच होती. टाके माझे. पिवळा धागा संपला होता.

"पांढरा धागा चालत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"लेखी कळवलं होतं कुणाला?"

"तोंडी सांगितलं. तीनदा."

सुपरवायझरसाहेब खिडकीबाहेर बघत होते. "मला तरी आठवत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे माहीत असूनही तुम्ही शिवत राहिलात," अधिकारी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"हो साहेब. शिवत राहिले."

एक गोष्ट मात्र मावशींनी सांगितली नाही. अपघाताआधीच्या सोमवारी डावरा स्वतः बाही न्यायला आला होता. पांढऱ्या टाक्यांवरून अंगठा फिरवत त्याने विचारलं होतं, "मावशी, टिकेल ना हे?" आणि मान वर न करता त्या म्हणाल्या होत्या, "टिकेल रे. जा."

पंधरा दिवसांनी निकाल लागला. कामगाराने बाही घातली होती. रफू करणाऱ्या बाईच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. मावशींना कामावरून काढलं. डावऱ्याच्या हाताच्या शिरा तुटल्या होत्या, बोटं वळत नव्हती. अशा माणसाला द्यायला कारखान्याकडे काम नव्हतं. साहेब जिथल्या तिथे राहिले. कागद वाचून नवरा तावातावाने म्हणाला, "खोटारडे!" मावशींनी कागद पुन्हा वाचला. त्यांच्याबद्दल लिहिलेल्या ओळीत त्यांना खोटं काही सापडेना.

आठवडाभर त्या घरातच बसून होत्या. मग एका सकाळी डावऱ्याच्या घरी गेल्या. तो अंगणात खुर्चीवर बसला होता. डावा हात उशीवर ठेवलेला, बोटं अर्धवट मिटलेली. त्याची बायको दगडावर कपडे धूत होती. तिने एकदा वर पाहिलं. "या" म्हणाली नाही, "जा"ही म्हणाली नाही.

"बसा मावशी," तो म्हणाला.

मावशी बसल्या नाहीत. "तू मला विचारलं होतंस. टिकेल का म्हणून."

"हो."

"चौकशीत तू हे सांगितलं नाहीस."

"तुम्हीही नाही सांगितलंत."

"मला माहीत होतं रे. टिकणार नाही, हे माहीत होतं मला."

त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं. "मलाही माहीत होतं, मावशी. तुम्ही नाही म्हणाला असतात, तरी तीच घातली असती. दुसरी होती कुठे? तुमच्या तोंडून हो ऐकलं की जरा धीर यायचा, एवढंच."

त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मावशींना वाटलं.

बायकोने बादलीतून चादर उचलली. मोठी, जाडजूड, पाण्याने ओथंबलेली. एक टोक हातात धरून तिने दुसरं सवयीने नवऱ्यापुढे केलं. डावरा खुर्चीतून अर्धा उठला आणि मग दोघंही तसेच थांबले. तो पुन्हा खाली बसला.

चादरीतून पाणी ठिबकत होतं. बायको क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने मावशींकडे न बघता ते टोक त्यांच्यापुढे धरलं.

मावशींनी पदर खोचला आणि टोक घट्ट धरलं. एकीने एकीकडे पीळ घातला, दुसरीने दुसरीकडे. चादरीतलं पाणी सरकन खाली आलं आणि अंगणातून वाहत डावऱ्याच्या पायांपर्यंत गेलं. त्याने पाय बाजूला घेतले नाहीत.