पान सापडलं नाही

डायलिसिस केंद्राची वेबसाइट सांभाळणारीला तिचा मावसभाऊ लहानपणापासून ‘ठिगळ’ म्हणायचा. फाटलेलं, तुटलेलं काहीही द्या, ही जोडून देणार. पुढे तो त्या केंद्राचा व्यवस्थापक झाला आणि हे काम त्यानेच तिला मिळवून दिलं. त्यामुळे दादाचा शब्द मोडणं तिला जड जायचं.

सोमवारी केंद्रातलं पाणी शुद्ध करणारं यंत्र बंद पडलं. केंद्र तीन दिवस बंद. चाळीस रुग्णांपैकी कुणी, कधी, दुसऱ्या कुठल्या केंद्रात जायचं, हे ठिगळने प्रत्येकाच्या वेगळ्या पानावर टाकलं आणि ज्याची त्याला लिंक पाठवली. त्याच संध्याकाळी दादाचा फोन.

“वेळ ठरवायचा तो नवा प्लगइन आजच चालू कर. वरचे लोक उद्या बघणार आहेत.”

“दादा, आधी साइटची नक्कल करून तिच्यावर लावून बघते. वरून जोडलेल्या या प्रोग्रामांचं एकमेकांशी पटेलच असं नाही.”

“न पटायला त्या काय जावा-जावा आहेत? लाव गं!”

तिने लावला. दोन-चार पानं उघडून पाहिली. दिसत होती. तिने लॅपटॉप मिटला.

बुधवारी दुपारी एका बाईचा फोन आला. तिचे वडील निवृत्त बसचालक, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येणारे.

“बाबांचं पान सकाळपासून उघडत नाही. केंद्राचा फोन सतत व्यस्त. शेवटी नेहमीच्या वेळेला केंद्रावर गेलो, तर कुलूप! घरी परत आणलं. आता त्यांना दम लागलाय.”

“थांबू नका, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या,” ठिगळ म्हणाली आणि फोन ठेवताच तिने ते पान उघडलं. समोर होतं की! मग नवऱ्याचा फोन ओढून घेऊन त्यावर उघडलं. ‘पान सापडलं नाही.’

ती स्वतः साइटवर लॉगिन होती, म्हणून तिला दिसत होतं. बाहेरच्या कुणालाच दिसत नव्हतं.

तिने साइटची नक्कल केली. सतराही प्लगइन बंद केले, मग एकेक चालू करत गेली. प्रत्येक वेळी नवऱ्याच्या फोनवर पान उघडून बघायचं. दहापर्यंत ठीक. अकरावा तो नवा प्लगइन. तो चालू केला आणि पान गेलं. रुग्णांची पानं दाखवणारा सूचनांचा जुना प्लगइन बंद केला, तर नवा एकटा बिनबोभाट चालत होता. दोघे ‘रुग्ण’ या एकाच पत्त्यावर हक्क सांगत होते, आणि नवा लॉगिन नसलेल्यांना दारातूनच परत पाठवत होता. तिने आधी नकलेवर, मग खऱ्या साइटवर नव्याचा पत्ता बदलला. पाऊण तासात चाळीसही पानं परत आली. नक्कल करून बघायला सोमवारी एवढाच वेळ लागला असता.

बसचालक गुरुवारी पहाटे गेले.

दादाने तिला खोलीत बोलावून दार लोटलं. “बाकीच्यांनी फोन करकरून का होईना, वेळ गाठली. याच लोकांना जमलं नाही. तू अहवालात लिही, पान होतं, त्यांनी नीट पाहिलं नाही.”

“पान कुणी, कधी उघडू पाहिलं याची सर्व्हरवर नोंद आहे, दादा. त्यांनी पाच वेळा पाहिलं होतं.”

“नोंद पुसता येते ना? तुला इथं आणलं कुणी, विसरलीस?”

“नाही विसरले,” ती म्हणाली. घरी जाऊन तिने नोंद छापली आणि आठवड्याने त्या बाईच्या घरी गेली. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खुर्चीच्या पाठीवर वडिलांचा स्वेटर तसाच होता.

बाईने कागद वाचला. “सात चाळीस, आठ पाच, नऊ, साडेदहा. या चारही वेळा मीच. ही बारा सहाची कुणाची?”

“तो फोन वेगळा आहे.”

बाईने त्या ओळीवर बोट ठेवलं. “मी गाडी बघायला गेले होते. बाबा केंद्राच्या पायरीवर बसले होते. परत आले तर म्हणाले, ‘तुलाच उघडता येत नसेल म्हणून मी बघितलं. माझ्याच्यानंही होईना.’ आणि हसले.”

ठिगळला मान वर करवेना.

“ते नवीन काय ते, लावलं कुणी?”

“मी. न तपासता.”

“सांगितलं कुणी?”

“माझ्या दादाने. पण हात माझे होते.”

बाईने कागद उलटा केला आणि पेन पुढे केलं. “हे सगळं मागे लिहा. सही करा. मी तक्रार करणार आहे.”

ठिगळने लिहिलं. दादाचंही लिहिलं, स्वतःचंही, आणि खाली तारीख घालून सही केली. बाईने कागद घडी घालून कपाटात ठेवला. बसा म्हणाली नाही, की जा म्हणाली नाही. ठिगळने आपणच चपला घातल्या आणि जिना उतरू लागली.