बारशाआधीचं नाव

मी पाळणा बोलतोय. राजापूरच्या गंगाराम सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं. वाळवी अजून माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. एकच मालक असा मला नव्हताच. वाडीत पोर जन्मलं की मला डोक्यावरून त्या घरी न्यायचे. आमच्याकडे बाळाला पाळण्यात घालतात ते बारशाला, त्याआधी नाही.

चौऱ्याऐंशी साली काशीरामच्या घरी मला टांगलं. तो मुंबईला नोकरीला, त्याची बायको सगुणा पहिलटकरीण. तिने मला स्वतः पुसलं, नवे दोर लावून घेतले. बारशाच्या आदल्या दिवशी बाळ तापाने गेलं. मी तसाच लटकत राहिलो.

मग माणसं समाचाराला येऊ लागली. मनाने सगळी चांगली.

“बारसा झाला नव्हता ता एक बरा. नावाचा पोर गेला असता तर जास्त लागला असता.”

“पहिलाच होता गो. वय हाय तुझा.”

शेजारची हौसा म्हणाली, “माझी दोन गेली. मी उभी हाय ना?”

सासू तर माझ्याकडेच बोट दाखवायची. “पाळणा उतरवू नका. वर्साच्या आत भरेल.”

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सगुणा माझ्याकडे पाठ करून बसायची. पाहुणा उठून गेला की ती आणखी गप्प व्हायची, ताटातला भात तसाच राहायचा. तिचं बाळ जणू झालंच नव्हतं, असंच जो तो तिला समजावत होता. राग यायचा मला, पण लाकडाच्या रागाचं काय होणार?

एके दुपारी बायका जमल्या असताना ती उठली आणि मला झोके देऊ लागली.

“अगो, रिकामा पाळणा हलवू नये!” सासू ओरडली.

“रिकामा नाय,” सगुणा म्हणाली. “माझा दत्ताराम हाय त्यात.”

ते नाव घरात कुणी ऐकलंच नव्हतं. हौसा उठली आणि तिने दुसऱ्या बाजूचा दोर धरला.

“माझ्या दोघांची नावां कुणी इचारलीच नाय गो,” म्हणाली आणि हुंदके देऊ लागली.

“काय होती?” सगुणाने विचारलं.

हौसाने सांगितली. मग दोघी रडल्या, आणि त्या दिवशी सगुणा चार घास जेवली.

आता लोखंडी पाळणे आलेत, मी माळ्यावर पडून असतो. त्याची तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, बाळ गेलेल्या घरी जाल तेव्हा ‘वय हाय तुझा’ म्हणू नका. नाव विचारा. आईने ते ठेवलेलं असतं.