लाल ठिपक्याची खुंटी

मित्रांनो, गिटारीच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना कानांसारख्या खुंट्या असतात ना? त्या पिळल्या की तारा सुरात येतात. त्यांतलीच एक जुनी खुंटी मी. माझ्या पाठीवर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका आहे. एकदा माझा लिलाव झाला आणि माझ्यासाठी माणसं हातघाईवर आली. असं का व्हावं, हे कोडं मला आधी सुटत नव्हतं.

कारखान्यात यंत्राने माझे दाते कापले आणि पाच भावंडांसह मला एका गिटारीवर बसवलं. ती गिटार ज्या घरात आली तिथे दोन बहिणी होत्या. गिटार एक आणि मुली दोन, मग भांडण ठरलेलंच. शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. ताईने डाव्या हाताने तारा दाबायच्या आणि धाकटीने तिला खेटून बसून उजव्या हाताने त्या छेडायच्या. वाजायचं मात्र झकास! पण त्यामुळे दोघींपैकी एकीलाही एकटीने वाजवता येईना. माझी तार सारखी उतरायची, म्हणून मी ओळखू यावी यासाठी धाकटीने मला ठिपका लावला. "ही बघ आपली नाठाळ," म्हणत ती मला पिळायची. मला ते नाव फार आवडायचं.

पुढे ताईला दूरच्या गावी नोकरी लागली. जाताना सामानाबरोबर तिने गिटारही बांधायला काढली, कुणाला विचारलंसुद्धा नाही. धाकटीच्या ते जिव्हारी लागलं. ती तोंडाने काही बोलली नाही, पण तिने गुपचूप स्क्रूड्रायव्हर आणला आणि मला काढून घेतलं. नव्या घरी ताईने गिटार बाहेर काढली तेव्हा माझ्या जागी नुसतं भोक होतं. कुणाचं काम ते तिला लगेच कळलं. पण तीही अडून बसली. फोनवर दोघी तब्येतीची चौकशी करत, हवापाण्याचं बोलत, पण माझा विषय कुणीच काढत नसे.

मी बिस्किटांच्या डब्यात पडून होते. सोबतीला सुटे स्क्रू आणि संपलेल्या बॅटऱ्या. मला गंज चढला. मला वाईट वाटायचं ते गंजाचं नव्हे. कुणी 'नाठाळ' म्हणत नाही, याचं वाटायचं. पुढे धाकटीने घर बदललं, त्या गडबडीत डबा भंगारात गेला आणि या हातातून त्या हातात फिरत मी जुन्या वाद्यांचे भाग विकणाऱ्या एका माणसाकडे पोहोचले.

त्याची बायको मला पुसायला फडकं घेऊन आली, तर तो ओरडलाच. "अगं, हात नको लावूस! या मळालाच तर भाव आहे." मी चाटच पडले. त्याने माझा फोटो काढून इंटरनेटवर लिलावाला टाकला आणि खाली लिहिलं, 'जुनी, अस्सल, एकमेव'. त्याच्याकडे माझ्यासारखी दुसरी नव्हती, त्यामुळे एकमेव हे खरंच होतं म्हणा.

तिथे बोली लावणाऱ्याचं नाव दिसत नाही. आधी कुणी फिरकलं नाही. मग एकाने बोली लावली, दुसऱ्याने ती वाढवली. ती चढाओढ बघून तिसरा आला, चौथा आला. एवढे लोक मागे लागलेत म्हणजे हिच्यात काहीतरी असणारच, असं जो तो समजू लागला. एकाने तर विक्रेत्याला फोन केला.

"तो लाल ठिपका म्हणजे कारखान्याची खूण का हो?"

"असेलही," विक्रेता म्हणाला. भाव आणखी चढला.

मी विचारात पडले. माझे दाते तेच, गंज तोच. मग सकाळी नव्हतं असं दुपारी माझ्यात काय आलं? हळूहळू माझ्या ध्यानात आलं. बोली लावली की माणूस मनातल्या मनात मला आपल्या गिटारीवर बसवून मोकळा होतो. मग दुसरा कुणी पुढे गेला, की त्याला आपलीच वस्तू पळवल्यासारखं वाटतं. हातात कधी आलीच नव्हती, ती वस्तू परत मिळवायला तो खिसा रिकामा करतो.

शेवटी दोघेच उरले, दोघेही हट्टाला पेटलेले. माझ्या किमतीत एक अख्खी नवी गिटार आली असती. मग एकाने हात टेकले आणि दुसऱ्याने मला जिंकलं.

पुढचं मला नंतर त्या बहिणींच्या बोलण्यातून समजलं. लिलाव संपताच धाकटीने ताईला फोन लावला होता.

"ताई, तुझी खुंटी मीच काढली होती गं," ती रडत म्हणाली. "आज लिलावात सापडली. तुला आणून देणार होते, पण पैसे पुरले नाहीत. कुणा मेल्याने पळवली!"

ताईने कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "तो मेला म्हणजे मीच गं."

आधी दोघी रडल्या आणि मग पोट धरधरून हसल्या.

धाकटी लगोलग ताईकडे आली आणि तिने स्वतःच्या हाताने मला जागेवर बसवलं. ताईचे यजमान हळहळत होते. "एवढ्यात नवी गिटार आली असती!"

"आली असती," ताई म्हणाली. "वाजवली कुणी असती?"

मग ताईने तारा दाबल्या, धाकटीने छेडल्या आणि माझी तार नेहमीसारखी उतरली. "नाठाळ मेली!" धाकटी म्हणाली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

तो विक्रेता आता म्हणे उरलेल्या सगळ्या खुंट्यांना लाल ठिपके देतो, आणि त्या खपतातही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना अधूनमधून तेलाचा थेंब द्या, त्यांना गंजू देऊ नका. आणि रागाच्या भरात कुणाचं काही काढून घेतलं असेल, तर ते आजच नेऊन द्या. मला घरी यायला धाकटीचं एक वाक्य पुरलं असतं. ते बोलायचं राहिलं, म्हणून मी एवढी महाग पडले.