दगडाचा चेंडू

माझा दीर कारखान्यात मालक आणि घरात शेंडेफळ, त्यामुळे 'नाही' ऐकायची त्याला सवयच नाही.

त्याच्याकडे मी चेंडूच्या धडका संगणकावर मोजते. क्रिकेटचं हेल्मेट बनण्याआधीच ते पडद्यावरच्या डोक्यावर चढवायचं, समोरून चेंडू सोडायचा आणि दणका कुठे, किती बसतो ते बघायचं. नवं हेल्मेट हलकं आणि देखणं होतं, फक्त जाळीच्या वरची फट जरा रुंद. मी खऱ्यासारखा दबणारा चेंडू सोडला, तर तो चेपून त्या फटीतून घुसला आणि थेट डोळ्यावर गेला. या गणिताला दोन दिवस लागले.

दिराने एका वाक्यात निकाल लावला. "वहिनी, चेंडू दगडासारखा कडक धरा, तासाभरात होतंय गणित."

कडक चेंडू दबत नाही. तो फटीवर आदळून परत फिरला, पडद्यावर सगळं हिरवंगार, म्हणजे सुरक्षित. आणि मी शहाणी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची चीड मला अजून येते.

आज अहवालावर माझी सही हवी होती. उद्या माल दुकानांत जाणार होता.

"दोन्ही गणितं घाला, मग करते सही," मी म्हणाले.

"उगाच फाटे फोडू नका, वहिनी. साचा बदलायचा म्हणजे तीन महिने गेले. असा चेंडू हजारात एखादा येतो."

"आणि तो कोणाच्या तरी लेकीचा डोळा घेऊन जातो."

"घरचं माणूस म्हणून ऐकून घेतोय हं!"

"मग घरचंच बोलू या."

त्याच्या खुर्चीमागे त्याच्या मुलीची खेळाची बॅग होती; संध्याकाळी तो तिला मैदानावर सोडतो. मी बॅगेची चेन सरळ ओढली. आत आमचंच जुनं हेल्मेट निघालं, जड, अरुंद फटीचं. पण कोरं करकरीत, लेबलसुद्धा न काढलेलं. म्हणजे बंद केलेल्या मालातलं हे हेल्मेट त्याने गोदामातून गुपचूप लेकीसाठी उचललं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

टेबलावरचं नवं हेल्मेट उचलून मी त्याच्यापुढे आदळलं. "भाऊजी, आज तिला हे घाला. मी आत्ता, इथेच सही करते."

"ते... तिला नको."

"का?"

त्याने ते नवं हेल्मेट बोटाने हळूच बाजूला सारलं आणि बॅगेची चेन लावली.

मी अहवाल पुढे ओढला. शेवटच्या पानावर लिहिलं, 'खरा चेंडू आत येतो. मालकांना माहीत आहे.' आणि खाली ठसठशीत सही ठोकली.