अख्खा भोपळा

"बाई, सुरी ठेवा खाली! तुमच्या थोरल्याची, वरदची शपत हाय!"

भोरहून शिकवायला येणाऱ्या सौदामिनीबाईंचा हात तसाच थांबला. पुढ्यात शाळेच्या परसबागेतला पहिला लाल भोपळा होता आणि दारात तेरा पोरं डोकावत होती.

"अहो मावशी, भोपळाच तर आहे!"

"आसंल. पर बाईमाणसानं अख्खा भोपळा चिरू न्हाई, थोरल्या लेकावर येतं. पैली फोड गड्यानं करायची, मग आपन," सगुणाबाई म्हणाली.

पोरांच्या हाती सुरी द्यायची नाही, मग आता गडी आणायचा कुठून? गुरुजी मीटिंगला वेल्ह्याला, शेजारचा रखमाजी सकाळच्या एसटीनं भोरला. पासलीच्या या शाळेत पोरांची खिचडी शिजवणाऱ्या सगुणाबाईनं वस्तीकडं चार हाका मारल्या. ओ ना ठो!

"राहू द्या, उद्या करू. आज बटाटा घाला," बाई म्हणाल्या.

वैष्णवीचं तोंड एवढंसं झालं. ही पोरगी म्हणजे वस्ताद! खिचडीतलं गाजर, वाटाणा, सगळं वेचून ताटलीच्या कडेला मांडायची आणि वर वेफर्सची पुडी फोडायची. पण या वेलाला दिवाळीपासून तिनंच तांब्यातांब्यानं पाणी घातलं होतं. "माजा भोपळा मी समदा खानार," असं आठवडाभर सांगत होती. सगुणाबाईनं ते पाहिलं. पोराचं मन ते, उद्या पुन्हा पुडीकडं वळलं म्हणजे?

जन्मात तिनं अख्ख्या भोपळ्याला सुरी लावली नव्हती. एवढं पाळूनही तीन वर्षांमागं तिचा थोरला, हनुमंत, कापूरहोळच्या रस्त्यावर ट्रकखाली गेलाच. आता थोरला म्हणायचा तर कुमार, आणि तोही त्याच रस्त्यावर टेम्पो चालवणारा. भीती का वाटत नव्हती? वाटत होतीच.

"द्या हिकडं ती सुरी."

"मावशी, आत्ता तुम्हीच म्हणालात ना?"

"म्हनले व्हय. तुमी नका लावू हात. म्या चिरते."

तिनं देवाचं नाव घेतलं आणि दोन्ही हातांनी सुरी दाबली. भोपळा दुभंगला तशी पोरं ओरडली.

तासाभरानं वैष्णवीनं आधी फोडी संपवल्या, मग खिचडी. "आजून हाय का वं, आजी?"

सगुणाबाईची ताटली मात्र चुलीपाशी तशीच होती. ती अंगणात मोबाईल कानाला लावून उभी होती. एकदा वाजला, दोनदा वाजला, कुणी उचलेना. तिनं पुन्हा नंबर लावला.

"काय गं आई?" तिसऱ्या वेळी कुमार बोलला.

"काय न्हाई. जेवलास का?"

"आत्ताच सारोळ्यात थांबलोय जेवायला. का गं?"

"जेव मग. गाडी हळू चालव."

ती आत आली, भिंतीला टेकून बसली आणि निवलेल्या खिचडीतली एक फोड तोंडात घातली. भोपळा गोड निघाला होता.